हात कधी हलतो

रांगोळीची चिमूट अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरायची, मधल्या बोटाचा खालून आधार द्यायचा आणि दोन बोटं एकमेकांवर हलकेच घासत पूड सोडत जायची. जूचंद्रच्या पोरांना हे कोणी मुद्दाम शिकवत नाही. थोरल्या भावाच्या शेजारी उकिडवं बसलं की बोटांना ते येऊन जातं. आमचं गाव रांगोळीवाल्यांचं. दिवाळीत इथे जमिनीवर माणसांचे हुबेहूब चेहरे उमटतात आणि ते बघायला लोक लांबून नायगाव स्टेशनावर उतरून येतात. म्हाताऱ्याच्या गळ्याची सैल कातडी, चष्म्याच्या काचेवरची तिरीप, नुकतंच रडून थांबलेल्या पोराच्या पापणीतली ओल, सगळं याच दोन बोटांतून उतरतं. मेंदूविकारांच्या पुस्तकात हीच हालचाल पार्किन्सनच्या आजाराची खूण म्हणून नोंदलेली आहे. हात मांडीवर स्वस्थ पडलेला असतो आणि वैद्याने गोळी वळावी तसा अंगठा तर्जनीवर आपसूक फिरत राहतो. त्या हातात रांगोळी नसते, आणि त्याला हलायला कोणी सांगितलेलं नसतं.

गणपतीत मी आरतीचं तबक धरलं होतं, तेव्हा निरांजनाची ज्योत हलत होती. पंखा बंद होता. बायकोने आरती संपेपर्यंत काही म्हटलं नाही; प्रसाद वाटून झाल्यावर म्हणाली, “अहो, हात बघू.” आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी थायरॉइडची आणि बी-१२ची तपासणी करायला सांगितली, चालून दाखवायला लावलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, एकदा न्यूरोला दाखवून घ्या. न्यूरोचे डॉक्टर मुंबईत, आणि नंबर मिळाला तो दिवाळीनंतरचा. मधले दिवस माझे मलाच काढायचे होते.

हे दिवस रिकामे जात नाहीत, उलट भरगच्च जातात. डॉक्टर जे करून बघणार ते सगळं माणूस घरी आधीच करून बघतो. अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायची आणि आपटता आपटता तिची उडी लहान होते का ते बघायचं. कागदावर मध्यापासून बाहेर फिरत जाणारी रेघ काढायची. एकच वाक्य पाच ओळी लिहायचं आणि शेवटच्या ओळीचं अक्षर पहिल्या ओळीपेक्षा बारीक झालं का ते ताडून बघायचं. मी शाळेत चित्रकला शिकवतो, तेव्हा फळ्यावर लिहिताना ओळ उजवीकडे बारीक होत गेली की पोटात गोळा येतो. मग आठवतं, फळ्याची कड जवळ आली की सगळेच मास्तर अक्षर आवळतात. वास येईनासा होणं हीसुद्धा पार्किन्सनची बरीच आधीची खूण असते, असं वाचल्यापासून स्वयंपाकघरात जाऊन हिंगाची डबी हुंगतो. चंडिका देवीच्या डोंगरावर दर्शनाला गेलो, तर देवीकडे लक्ष कमी आणि पायऱ्या चढताना उजवा हात डाव्याइतका झुलतो का याकडे जास्त. हाताकडे बघत चाललं की हात झुलतच नाही. कोणाचाही झुलणार नाही.

अडचण नेमकी तिथेच आहे. प्रत्येक जिवंत माणसाचा हात हलतो. सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा होणारा हा बारीक कंप डोळ्यांना एरवी दिसत नाही. हात समोर ताणून त्यावर कागद ठेवला की कागदाची कड तो दाखवते. आम्हा चेहरे काढणाऱ्यांना तो अनुभवाने माहीत असतो. म्हणून डोळ्यातला पांढरा ठिपका टाकताना श्वास सोडून, क्षणभर थांबून मग चिमूट सुटते. जागरणाने हा कंप वाढतो, चहाने वाढतो, दम्याच्या काही औषधांनी वाढतो आणि भीतीने तर हमखास वाढतो. हात कापतो का हे बघण्यासाठी रात्री जागं राहायचं, सकाळी त्या जागरणावर दोन कप चहा घ्यायचा आणि मग धास्तावून हात समोर धरायचा. असा पुरावा साक्षीदारानेच बिघडवलेला असतो.

स्वतःकडे बघून कंटाळलो तेव्हा मी दुसऱ्यांकडे बघू लागलो. त्यालाही मोठा पूर्वज आहे. जेम्स पार्किन्सन हा लंडनच्या हॉक्स्टन भागातला डॉक्टर, जीवाश्म गोळा करण्याचा नादी. त्याने १८१७ साली थरथरत्या लकव्यावर एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्याचं स्वतःचं एकही खात्रीचं चित्र आज उपलब्ध नाही, पण त्याने काढलेलं आजाराचं चित्र दोनशे वर्षांनंतरही ओळखू येतं. ते त्याने केवळ सहा माणसांवरून काढलं, आणि त्यांतली तीनच त्याच्याकडे नीट तपासणीला आलेली. दोघं त्याला रस्त्यात भेटले, त्यांना थांबवून त्याने विचारपूस केली. एक तर त्याने नुसता लांबून बघितला. वाकलेलं अंग, विसावलेल्या हातातला कंप, पुढे ढकलल्यासारखी पळती चाल. चौदा-पंधरा तपासण्या लिहून घेण्याच्या आजच्या काळात हे अजब वाटतं. पण या आजाराचं निदान आजही मुख्यतः बघूनच होतं. पक्कं सांगणारी रक्ताची साधी तपासणी नाही. एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मल येतो. तो काढायचा ते दुसरं काही नाही ना, हे बघण्यासाठी. अनुभवी डॉक्टर माणूस दारातून आत येऊन खुर्चीत बसेपर्यंत अर्धी तपासणी उरकतो.

मी संध्याकाळी नाक्यावर बसून तसं करून बघितलं. एका गृहस्थाचा डावा हात झुलत नव्हता. जवळ आले तेव्हा कळलं, त्या हातात मोबाइल घट्ट धरला होता. एक बाई पाय घासत बारीक पावलं टाकत होत्या. चपलेचा अंगठा तुटलेला. मिठागरात आयुष्य काढलेले एक आजोबा कमरेत वाकून गेले, आणि इकडच्या जुन्या पिढीतली निम्मी माणसं तशीच वाकलेली आहेत. नुसतं बघून आजार दिसत नाही. पार्किन्सनने बघितलं, शिवाय थांबवून विचारलं.

त्या रस्त्यात भेटलेल्यांपैकी एक खलाशी होता, साठी ओलांडलेला, अंगाने धिप्पाड. त्याला आपल्या आजाराचं कारण पक्कं माहीत होतं: स्पेनच्या तुरुंगात काही महिने ओल्या उघड्या जमिनीवर झोपावं लागलं, त्याने हे झालं. वाचलं तेव्हा मला तो माणूस एकदम जूचंद्रचा वाटला. मला भेटणाऱ्या प्रत्येकाकडेही माझ्या हाताचं कारण तयार आहे. कोणी म्हणतं, थंड फरशीवर रात्र रात्र बसतोस, वात धरला. कोणी रांगोळीच्या रंगांवर येतं, कोणी मोबाइलवर. बायकोच्या मते शाळेतल्या कटकटी. मी स्वतः काही दिवस रांगोळीतल्या शिरगोळ्याच्या पुडीला दोष देत होतो. आजाराचं कारण आपल्याच आयुष्यात सापडलं की जरा बरं वाटतं. निदान घरातलाच चोर निघाल्याचं समाधान. खलाशी चुकला होता. आणि गंमत अशी की पार्किन्सनही चुकला होता: त्याने दुखण्याचं मूळ मानेच्या मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी धरलं. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या काळसर पेशींच्या पुंजक्यात आहे, डोपामीन तयार करणाऱ्या त्या पेशी झिजतात, हे पुष्कळ नंतर कळलं. कारण चुकलं तरी वर्णन टिकलं, कारण काय होतं आणि कधी होतं एवढंच त्याने नीट लिहिलं होतं.

माझ्या काकीने कारणाऐवजी माणूस दाखवला. ओट्यावर बसून ती सहज बोलून गेली, “तुजे बापाचा पन हात असाच कापायचा.” बाप मिठागरात कामाला होता. बशीतला चहा पिताना बशी त्याच्या ओठांपर्यंत पोचायच्या आत निम्मा चहा धोतरावर. संध्याकाळी घोटभर घेतली की हात ताळ्यावर यायचा, आणि गाव म्हणायचं, दारूने हात कापतो. आता वाचताना कळतं की हातकंपाचा दुसरा एक प्रकार आहे, पार्किन्सनपेक्षा कितीतरी जास्त आढळणारा. तो काम करताना, काही धरताना, उचलताना दिसतो, बहुधा दोन्ही हातांना असतो, घराण्यात चालतो, आणि थोड्या दारूने तात्पुरता कमी होतो. इतका की डॉक्टर तसं मुद्दाम विचारतात. दारू हे त्यावरचं औषध नव्हे, ती उतरली की कंप दामदुप्पट परत येतो. पण गावाने गोष्ट उलटी वाचली असावी. हात कापायचा म्हणून तो घोट घ्यायचा, आणि लोकांनी घोट आधी धरला. असावी म्हणतो, कारण बापाचा हात आता कोणाला तपासता येणार नाही. बशी धरलेला हात मला आठवतो. स्वस्थ ठेवलेला हात आठवत नाही. तो स्वस्थ कधी बघितलाच नाही.

मग दिवाळीच्या चेहऱ्याची तयारी सुरू झाली आणि सगळा हिशोबच उलटला. दरवर्षी आमच्या मंडळात डोळे माझ्याकडे असतात. पुतण्याने सरावाचा चेहरा खडूने आखून दिला, मी पाट घेऊन बसलो. आधी पापणीची कड, मग बुबुळाभोवतीचा गडद कंगोरा, त्यात तपकिरीच्या दोन छटा, बोटाने न पुसता एकीवर दुसरीची पूड सोडून विरवलेल्या. शेवटी पांढरा ठिपका. मोहरीएवढा. तो चुकला तर अख्खा चेहरा मेलेला दिसतो, आणि रंगावर पडलेली पांढरी पूड वेचून काढता येत नाही. चिमूट धरेपर्यंत हात हलत होता. पूड सुटायला लागली आणि हात थांबला. ठिपका जागेवर पडला. पोरं खूश झाली, “काका, एकदम जिवंत!” आणि माझ्या कपाळावर घाम आला. कारण मी तोवर पुरेसं वाचलं होतं. विसावलेला हात हलतो आणि कामाला लागला की थांबतो, ही पार्किन्सनची खूण. विसावलेला शांत असतो आणि काम करताना कापतो, तो दुसरा, त्या मानाने निरुपद्रवी प्रकार. म्हणजे डोळा उत्तम उतरला तर घाबरायचं आणि बिघडला तर हायसं वाटून घ्यायचं. चाळीस वर्षं ज्या हाताच्या कौशल्याचा आनंद मानला, त्याच्या यशाला मी पहिल्यांदा भ्यालो. दुसऱ्या दिवशी त्याच पाटावर बसून नाकाची कड सोडताना रेघ दोनदा अडखळली आणि मी मनातल्या मनात देवीला नमस्कार केला. कलावंत म्हणून लाज वाटण्यासारखी ती प्रार्थना होती.

त्या दोन दिवसांनी माझा प्रश्न बदलला. इतके दिवस मी विचारत होतो, हे काय आहे. त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही आणि हात कितीही टक लावून बघितला तरी तिथे ते सापडणार नाही. मला सांगता येईल ते एवढंच, की हात कधी हलतो. तेही एका प्रसंगावरून नाही. तेव्हा एक वही केली. टीव्ही बघताना हात मांडीवर असतो तेव्हा? चालताना? कप उचलताना? एका बाजूचा की दोन्ही? चहाआधी की नंतर? कोणी बघत असताना जास्त, की एकटा असताना? ही नोंद बायको करते, माझ्या नकळत. माझ्या लक्षाने कंप वाढतो, तिच्या लक्षाने वाढत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर घरात आलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी आहे. चक्कर आणि मळमळ यांवरच्या काही साध्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पार्किन्सनसारखीच लक्षणं आणतात, आणि त्या बंद केल्यावर बऱ्याचदा ती हळूहळू ओसरतात. मला गेल्या वर्षी चक्करेच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या किती दिवस चालल्या ते आठवेना, म्हणून रिकाम्या पाकिटांसाठी औषधांचा डबा उपसला.

गावठी उपायही आले. कंपवातावर खाजकुयलीचं बी, असं एका जाणत्याने सांगितलं. ते थोतांड नाही. पावसाळ्यानंतर आमच्या रानात लोंबणाऱ्या, अंगाला लागल्या की खाजवून जीव नकोसा करणाऱ्या त्या शेंगांच्या बियांत लेव्होडोपा असतं. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढून दाखवलं. पुढे १९६७ साली जॉर्ज कोटझियास यांनी डोपाच्या मोठ्या मात्रेने पार्किन्सनचे रुग्ण पुन्हा हालते-चालते केले, आणि आजही मुख्य औषध तेच. पण ज्याचं निदान व्हायचंय त्याने मात्रा माहीत नसलेलं औषध आधीच घेतलं तर डॉक्टरांनी काय बघायचं? जाणत्याला नमस्कार करून बियांची पुडी फळीवर ठेवली आहे.

आकड्यांकडेही धावलो. मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघरी फिरून केलेली एक पाहणी डॉ. भरूचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केली: १४,०१० माणसांत पार्किन्सनचे ४६ रुग्ण. तेही वयस्कर माणसं जास्त असलेल्या समाजात. हजारात तीन-साडेतीन म्हटल्यावर रात्री झोप लागली. सकाळी लक्षात आलं की त्या चौदा हजारांत बहुतेकांचा हात हलत नव्हता, माझा हलतो. लॉटरीच्या रांगेतला माणूस आणि दोन आकडे जुळलेला माणूस यांचा हिशोब एक नसतो. तरी आकड्याने एक काम केलं. ज्याच्या त्याच्यात तोच आजार बघणाऱ्या माझ्या नाक्यावरच्या नजरेला त्याने लगाम घातला.

एक गोष्ट मात्र वहीत लाल शाईने आहे, आणि ती बायको व पुतण्या दोघांनाही पाठ आहे. सगळ्याच लक्षणांना नंबर लावून बसायचं नसतं. तोंड एकाएकी वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, जीभ जड झाली, तर तो लकव्याचा झटका. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासांची मुदत असते, आणि महामार्गावर वर्सोवा पुलाला कोंडी असेल तर त्यातला मोठा भाग तिथेच जातो. तेव्हा कोणाचा नंबर कधीचा हे न बघता सीटी स्कॅनची सोय असलेलं जवळचं इस्पितळ आधी गाठायचं. माझं दुखणं हळू चालणारं आहे. हळू चालणाऱ्या दुखण्याला थांबायची मुभा असते, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पहिले काही दिवस मी इतका सैरभैर झालो नसतो.

डॉक्टरांकडे जाऊन आलेल्या गावातल्या एका बाईंशी बोललो तेव्हा आणखी एक कळलं. पहिल्याच भेटीत सोक्षमोक्ष लागतोच असं नाही. पुष्कळदा डॉक्टर गोळी सुरू करून तिचा गुण येतो का ते बघतात, किंवा नुसतंच सांगतात, काही महिन्यांनी पुन्हा या. कंप एकाच हाताला राहतो की दुसरीकडे जातो, चाल बदलते की नाही, हे काळच दाखवतो. म्हणजे ज्या दिवसांना मी तपासणीच्या आधीचे दिवस समजत होतो, ते तपासणीतच जमा होते. नंबर लागण्याने वाट बघणं संपणार नाही. फार तर बघणारे दोघं होतील. वाट बघता बघता एक गमतीचंही वाचलं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी या आजाराला पार्किन्सनचं नाव मिळवून दिलं. त्यांचे रुग्ण त्यांना सांगत की रेल्वेच्या लांब प्रवासात अंगाला बरं वाटतं. म्हणून त्यांनी हलणारी खुर्चीच बनवून घेतली होती. वसई रोडवरून दिव्याकडे जाणारी, जूचंद्रला थांबणारी आमची गाडी त्या मानाने फुकटचा उपचार आहे. एवढं हसता येतं, म्हणजे भीती थोडी उतरली असावी.

भीतीतून दुसरंही एक निघालं. या वर्षी डोळे पुतण्या काढेल. माझा हात थांबतो की हलतो यावर रोज रात्री कौल लावत बसलो तर चेहरा तर बिघडेलच, वहीही बिघडेल. मी पार्श्वभूमी भरतो आणि त्याच्या शेजारी बसून कुठे पूड जाड पडली ते सांगतो. पोरांना कारणही सांगितलं, सगळ्यांसमोर, चहा पिता पिता. पुतण्याने हळूच विचारलं, “काका, लोकांना काय सांगू?” बापाच्या हाताबद्दल घरातलं कोणी कधी बोललं नाही, म्हणून गावाने त्याला आपल्या मनचं कारण चिकटवलं आणि ते त्याच्याबरोबर स्मशानापर्यंत गेलं. मी म्हटलं, जे आहे ते सांग. काकांचा हात हलतो, दिवाळीनंतर डॉक्टरांना दाखवायचंय, आणि पुढचं कळलं की काका स्वतः सांगतील.